गुलाबी हिरड्या, खडूसारखे डाग: पाच महिने माउथवॉश वापरलेल्या मुलाचं प्रकरण

“मॅडम, मावा खाणाऱ्या पोरासारखे दात झालेत याचे. परवा लग्नात मामंजींनी सरळ विचारलं, हा काही खातो का म्हणून.”

जानेवारीतली संध्याकाळ होती. खुर्चीत १६ वर्षांचा मुलगा ओठ मिटून बसला होता. अकरावी सायन्स, सकाळी कॉलेज, दुपारी क्लास. दातांना तारा लावून सात महिने झाले होते. तारांचं काम दुसरे डॉक्टर करत होते. हिरड्या, कीड, सफाई यासाठी तो माझ्याकडे यायचा. ओठ उघडल्यावर आईचं म्हणणं पटलं. वरच्या-खालच्या पुढच्या दातांवर, विशेषतः तारेच्या खुंट्यांभोवती (दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटभोवती), काळपट तपकिरी थर चढला होता. मुलगा तंबाखू खात नव्हता. हा थर कशाचा, ते मला लगेच कळलं, कारण तो मीच लिहून दिलेल्या औषधाचा होता.

मुलाच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, दातांची हकीकत बदललेली नाही.

ऑगस्टची चिठ्ठी

तारा जूनमध्ये लागल्या. ऑगस्टमध्ये तो आला तेव्हा हिरड्या सुजून खुंट्यांवर येऊ लागल्या होत्या आणि ब्रश लावला की रक्त येत होतं. तारा लावलेल्या मुलांमध्ये हे नेहमीचंच. मी सफाई केली, ब्रश कसा करायचा ते दाखवलं आणि चिठ्ठीवर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा ०.२ टक्के माउथवॉश लिहिला: १० मिली, सकाळ-रात्र, १५ दिवस.

हे औषध हिरड्यांसाठी उत्तम आहे, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. १९७० मध्ये डेन्मार्कमध्ये लो आणि शिओट या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की ब्रश न करणाऱ्या माणसानं दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिननं चूळ भरली तरी दातांवर प्लाकचा (जंतूंचा चिकट) थर साचत नाही आणि हिरड्या सुजत नाहीत. तेव्हापासून अँटिसेप्टिक माउथवॉशमध्ये पहिला मान याचाच. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) ५१ अभ्यास एकत्र पाहिले गेले आणि प्लाक व हिरड्यांची सूज कमी होते, हा निष्कर्ष भक्कम पुराव्यानिशी निघाला. दातांवर डाग पडतात हेही त्याच आढाव्यात सांगितलेलं आहे.

माझी चूक चिठ्ठीत नव्हती, चिठ्ठीनंतर होती. १५ दिवसांनी परत ये, असं मी तोंडी सांगितलं. तो आला नाही आणि मीही फोन केला नाही. १५ दिवसांत रक्त थांबलं, तोंडाचा वास गेला. आईला वाटलं, गुण येतोय तर बंद कशाला करायचं? बाटली संपली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुसरी यायची. अशा पाच महिन्यांत किती बाटल्या आल्या, त्याचा हिशोब घरात कोणाकडेच नव्हता.

डागांखालचे डाग

त्या संध्याकाळी मी पाऊण तास सफाई आणि पॉलिशिंग केलं. तपकिरी थर निघाला. आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि माझं लक्ष हिरड्यांकडे गेलं. फिकट गुलाबी, घट्ट, सुरेख हिरड्या. प्रोब (हिरडी तपासायची बोथट सळई) फिरवला, कुठेच रक्त नाही. ऑगस्टच्या तुलनेत इतका फरक की मन सुखावलं.

मग सवयीनं मी कापसाच्या गुंडाळ्या लावून दात कोरडे केले आणि पाच-सहा सेकंद हवेचा झोत मारला. खुंट्यांच्या कडेनं, हिरडीच्या बाजूला, एकेक पांढरी चंद्रकोर उमटत गेली. फळ्यावर खडूनं ओढावी तशी, चमक नसलेली. वरचे दोन्ही बाजूचे पटाशीचे दात, वरचे दोन्ही सुळे, खालचे दोन्ही सुळे आणि खालची एक उपदाढ. सात दात. वरच्या डाव्या सुळ्यावरच्या डागात प्रोबची बोथट गोळी फिरवली तर खरखर लागली. तिथे पृष्ठभाग फुटायला सुरुवात झाली होती.

कोरडं केल्यावरच हे डाग का दिसतात, ते समजून घेण्यासारखं आहे. निरोगी एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज असतं आणि प्रकाश त्यातून फारसा न विखुरता जातो. खनिज झिजलं की वरचा पातळ पापुद्रा शाबूत राहतो, पण त्याच्या आत बारीक छिद्रं पडतात. ती पाण्यानं भरलेली असतात तोवर पाणी आणि एनॅमल प्रकाश किती वाकवतात त्यातला फरक मध्यम असतो, म्हणून डाग अंधुक राहतो. हवा मारून ते पाणी काढलं की छिद्रांत हवा शिरते, फरक वाढतो, प्रकाश विखुरतो आणि डाग पांढराशुभ्र दिसतो. ओल्या दातावरही जो डाग दिसतो तो जास्त खोल गेलेला असतो. या मुलाच्या सातपैकी तीन दातांवरचे डाग ओले असतानाही दिसत होते.

तारा लावण्याआधीचे जूनमधले फोटो मी मागवून घेतले. त्यात हे सातही दात स्वच्छ होते.

आई फोटोकडे बघत म्हणाली, “हे आमच्या माहेरच्यासारखंच दिसतंय. आमच्याकडे यवतमाळला सगळ्यांच्या दातांवर असे पट्टे. म्हणून तर मी याला फ्लोराइडची पेस्ट कधी दिलीच नाही.”

या एका वाक्यात अर्धं निदान होतं.

कालचा दिवस

“नीट ब्रश करतोस का?” असं विचारलं की प्रत्येक मुलगा “हो” म्हणतो. म्हणून मी विचारते, “काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात गेलं ते सांग.” सुरुवातीला तो अडखळला. मग आईला बाहेर बसवलं आणि तो मोकळेपणानं सांगायला लागला.

सकाळी साडेपाचला उठून ब्रश, घरातल्या वनौषधी पेस्टनं, जिच्यात फ्लोराइड नाही. लगेच माउथवॉश. मग चहा-बिस्किटं. कॉलेजच्या कँटीनमध्ये पुन्हा चहा. दुपारी डबा. क्लासच्या मधल्या सुट्टीत आंब्याच्या सरबताची छोटी बाटली. संध्याकाळी घरी चहा आणि काहीतरी गोड. रात्री जेवण. दहानंतर अभ्यास एक वाजेपर्यंत, आणि टेबलावर थर्मास. त्यात साखरेचा चहा, जो तो दर पंधरा-वीस मिनिटांनी एकेक घोट घेत संपवायचा. झोपताना ब्रश?

“सप्टेंबरपासून नाही. तारेत ब्रश अडकतो, वीस मिनिटं जातात. माउथवॉश घेतला की तोंड एकदम स्वच्छ वाटतं.”

त्याला ते खरंच स्वच्छ वाटत होतं. खोटं बोलण्याचा प्रश्नच नव्हता. जाता जाता त्यानं आणखी एक सांगितलं: आमटी अळणी लागते म्हणून तो ताटात वरून मीठ घेऊ लागला होता. क्लोरहेक्सिडिन दीर्घकाळ घेतलं की खारट चव मंदावते, हा त्याचा परिचित दुष्परिणाम. आईला वाटत होतं पोराच्या जिभेला बाहेरच्या खाण्याची सवय लागली.

जंतू कमी झाले, मग दात का झिजले?

आईचा प्रश्न अगदी रास्त होता: “कीड जंतूंनी होते ना? मग जंतू मारायचं औषध रोज दोनदा घेऊनही दात कसे खराब झाले?”

तिला मी जे समजावलं तेच इथे जरा विस्तारानं लिहिते, कारण या प्रश्नाचं उत्तर न कळल्यामुळे अनेक घरांत माउथवॉश ब्रशची जागा घेतो.

दातावर प्लाकचा थर असतो, त्यात अनेक जातींचे जंतू राहतात. स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स हे त्यातलं सर्वांत बदनाम नाव. क्लार्क नावाच्या ब्रिटिश संशोधकानं १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून तो वेगळा केला. साखर मिळाली की हे जंतू काही मिनिटांत आम्ल बनवतात. थरातला पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या आसपास किंवा खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. मग लाळ काम सुरू करते: आम्ल पातळ करते, बायकार्बोनेटनं ते शमवते, आणि तिच्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट परत दातात जाऊन बसतं. या चढउताराचा आलेख अमेरिकेच्या स्टीफन यांनी १९४० च्या दशकात काढला. गोड तोंडात गेल्यावर पीएच झरकन उतरतो आणि सावरायला साधारण अर्धा ते एक तास लागतो.

आता या मुलाचा थर्मास त्या आलेखावर ठेवून बघा. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक घोट. पीएच सावरायला लागला की पुन्हा साखर. तीन तास दात आम्लात, आणि नंतर झोप, जेव्हा लाळ जवळजवळ थांबते. दिवसा जेवढं खनिज परत आलं असेल त्याहून जास्त रात्री निघून जात होतं.

क्लोरहेक्सिडिन यात कुठे बसतं? त्याच्या रेणूवर धन भार असतो, जंतूंच्या आवरणावर ऋण. तो चिकटतो आणि आवरण फाडतो. दातांना, गालांच्या आतल्या अस्तरालाही तो चिकटतो आणि ८ ते १२ तास हळूहळू सुटत राहतो. म्युटान्स जंतू त्याला बरेच हळवे आहेत. कागदावर हे सगळं आशादायक वाटतं, आणि म्हणूनच कित्येक वर्षं दंतवैद्यांनीही त्यावर भरवसा ठेवला.

पण खुंटीच्या कडेला, तारेखाली, रबरी कड्याच्या मागे जो थर आठवडेच्या आठवडे ब्रशशिवाय राहतो, तो जाड आणि मुरलेला असतो. माउथवॉश त्याच्या वरच्या भागापर्यंत पोचतो. दाताला लागून असलेल्या भागात आम्ल बनत राहतं. म्युटान्स कमी झाले तरी आम्ल बनवणारे आणि आम्लात तगणारे इतर जंतू, उदाहरणार्थ लॅक्टोबॅसिलस, या औषधाला कमी दाद देतात. साखर भरपूर असेल तर त्यांची चंगळच. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे की क्लोरहेक्सिडिनच्या बाटलीत दाताला परत देण्यासारखं काहीच नाही. कॅल्शियम नाही, फॉस्फेट नाही, फ्लोराइड नाही.

हिरडीची गोष्ट वेगळी. हिरडीची सूज कडेवरच्या प्लाकच्या एकूण ओझ्याला दिलेली प्रतिक्रिया असते, ओझं कमी झालं की ती उतरते. म्हणूनच पाच महिन्यांनी हिरड्या गुलाबी आणि दात खडूसारखे, असं चित्र एकाच तोंडात दिसलं. रक्त हा तोंडातला धोक्याचा इशारा असतो. रक्त थांबल्यावर घरच्यांना आणि काही क्षण मलाही वाटलं की सगळं ठीक आहे.

एक बारकावा त्याच्या सकाळच्या क्रमातही होता. बहुतेक पेस्टमध्ये फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट असतं, त्यावर ऋण भार. ब्रशनंतर लगेच क्लोरहेक्सिडिन घेतलं की दोघं एकमेकांना बांधून ठेवतात आणि औषधाचा जोर कमी होतो. मध्ये किमान अर्धा तास, शक्य असेल तर जास्त वेळ ठेवायचा असतो. हे मी ऑगस्टमध्ये सांगितलं नव्हतं.

अभ्यासांत काय आढळलं

तारा लावलेल्यांमध्ये पांढरे डाग किती सर्रास होतात, ते १९८२ मध्ये गोरेलिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मोजलं: जवळजवळ निम्म्या रुग्णांत निदान एक डाग, आणि सर्वाधिक वरच्या बाजूच्या पटाशीवर. ओगार्ड यांच्या नॉर्वेतल्या गटानं १९८८ मध्ये दाखवलं की फ्लोराइड नसेल आणि प्लाक साचू दिला तर चार आठवड्यांतही डोळ्यांना दिसणारा डाग पडू शकतो. म्हणजे आमच्या मुलाच्या दातांना पाच महिने खूप होते.

क्लोरहेक्सिडिननं हे थांबतं का? २०१५ मध्ये मुलं आणि किशोरांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन आढावा आला. निकषांत बसणारे आठच अभ्यास मिळाले, ते वार्निश (दातावर लावायचा चिकट लेप) आणि जेलचे. माउथवॉशचा एकही नाही. त्या आठांतूनही कीड कमी होते असं ठामपणे म्हणता आलं नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीनं २०११ मध्येच दाताच्या वरच्या भागातली कीड टाळण्यासाठी ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या चुळांची शिफारस करत नसल्याचं सांगितलं होतं. वयस्कांच्या उघड्या पडलेल्या मुळांसाठी मात्र क्लोरहेक्सिडिन-थायमॉलच्या वार्निशला त्यांनी जागा ठेवली. मुळाचा पृष्ठभाग मऊ, तिथलं गणित वेगळं.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो ओगार्ड यांचा २००१ चा अभ्यास, कारण तो तारा लावलेल्या रुग्णांवरच झाला. एका गटाला फ्लोराइड वार्निश, दुसऱ्याला फ्लोराइडबरोबर जंतुनाशक वार्निशही. जंतुनाशक घेतलेल्या गटात म्युटान्स जंतू खरोखर घटले. पांढऱ्या डागांमध्ये मात्र नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका निकालात आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९४ मध्ये नॉर्वेतच, काढून टाकायच्या उपदाढांवर मुद्दाम प्लाक साचेल अशी पट्टी बसवून प्रयोग झाला; त्यात क्लोरहेक्सिडिन आणि फ्लोराइड दोन्ही घेतलेल्यांत खनिजाची झीज फारच कमी निघाली, नुसत्या फ्लोराइडपेक्षाही कमी. म्हणजे औषध अगदी निरुपयोगी आहे असं नाही. पण तिथे फ्लोराइड होतंच आणि काळ काही आठवड्यांचा होता. आमच्या मुलाकडे औषध होतं, फ्लोराइड नव्हतं, आणि काळ पाच महिने.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचं २०२० मधलं काम वाचल्यावर मी स्वतः थोडी हादरले होते. ३६ निरोगी लोकांनी आधी सात दिवस औषध नसलेला द्रव आणि मग सात दिवस क्लोरहेक्सिडिन घेतला. औषधाच्या आठवड्यानंतर लाळेचा पीएच उतरलेला, आम्ल शमवण्याची ताकद घटलेली, लॅक्टेट (जंतू साखरेपासून बनवतात त्या आम्लाचा अंश) वाढलेलं. त्यात कीड मोजली नव्हती, त्यामुळे यातून दात किडतात असं मी म्हणणार नाही. पण विनाकारण महिनोन्‌महिने हे औषध तोंडात ठेवू नये, एवढं म्हणायला मला ते पुरेसं वाटतं.

फ्लोराइडच्या माउथवॉशचा पुरावा याच्या उलट, भरघोस आहे. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात ३७ अभ्यास होते. देखरेखीखाली नियमित फ्लोराइडच्या चुळा भरणाऱ्या मुलांमध्ये पक्क्या दातांच्या पृष्ठभागांवरची कीड सरासरी २७ टक्क्यांनी कमी आढळली. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतात, दोन्हींवर माउथवॉशच लिहिलेलं असतं. लोकांचा गोंधळ होतो यात नवल नाही.

यवतमाळचे पट्टे आणि हे डाग

आईची भीती खोटी नव्हती. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांतल्या अनेक विहिरी-बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्यापेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी लहानपणी, दात हाडात घडत असताना पोटात गेलं की एनॅमल घडतानाच सदोष होतं. तो फ्लुओरोसिस. त्याचे पट्टे दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे, आडवे, धुरकट असतात आणि दात हाडातून वर येतो तेव्हापासून असतात.

या मुलाचे डाग खुंट्यांच्या कडेला, हिरडीजवळ, खडूसारखे, आणि जूनच्या फोटोत नसलेले. तो जन्मापासून साताऱ्यात वाढलेला. १६ व्या वर्षी त्याच्या पुढच्या दातांचं एनॅमल घडून कधीच झालं होतं. आता पेस्टमधल्या फ्लोराइडनं, जी थुंकायचीच असते, त्याला फ्लुओरोसिस होणं शक्य नव्हतं. उलट थरात थोडं फ्लोराइड असलं की परत बसणारं खनिज जास्त टणक होतं. ते विरघळायला पीएच सुमारे ४.५ पर्यंत उतरावा लागतो. मी कागदावर दोन दात काढून दोन्ही डाग रंगवून दाखवले. तिनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

काय केलं

क्लोरहेक्सिडिन त्याच दिवशी बंद. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) असतं. तशी साधी पेस्ट सकाळी आणि रात्री, दोन मिनिटं, आणि नंतर फक्त थुंकायचं, पाण्यानं खळखळून चूळ भरायची नाही. हे शेवटचं त्याला जड गेलं. आपल्याकडे दात घासून खळाखळा चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही. तारेखालून जाणारा छोटा दातांमधला ब्रश दिला आणि आरशासमोर त्याच्याकडून करून घेतला. पहिल्यांदा नऊ मिनिटं लागली, चौथ्या वेळी पाच.

फ्लोराइडचा माउथवॉश, ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचा, दिला तो ब्रशच्या वेळी नाही, क्लासमधून आल्यावर. पेस्टनं सकाळी-रात्री फ्लोराइड मिळतंच, मधल्या वेळी एक जादा फेरी मिळावी म्हणून. सात दातांवर फ्लोराइड वार्निश लावलं, आणि तारा घट्ट करायला जाईल त्या सुमारास, साधारण दर सहा आठवड्यांनी, पुन्हा लावायचं ठरलं. स्वीडनमधल्या २००७ च्या अभ्यासात अशा वार्निशनं डाग पडणाऱ्यांचं प्रमाण २५.३ वरून ७.४ टक्क्यांवर आलं होतं. नंतरच्या काही अभ्यासांत एवढा मोठा फरक आढळला नाही. तरी या मुलासाठी मला ते लावावंसं वाटलं, कारण घरच्या काळजीवर सगळा भार टाकून चाललं नसतं.

थर्मासवर सगळ्यात जास्त वेळ गेला. चहा सोडायला मी सांगितलं नाही. रात्री दहाचा चहा साखरेसह एका बैठकीत प्यायचा, मग ब्रश, मग टेबलावर फक्त पाणी. आईनं मध्येच विचारलं, “गुळाचा चालेल का?” नाही, जंतूंना गूळही तितकाच प्रिय. मुलगा हसला, पहिल्यांदाच. आंब्याच्या सरबताची बाटली सुटली ती मात्र त्यानं स्वतःहून.

डाव्या सुळ्यावरचा फुटलेला भाग मी तेव्हा लगेच भरला नाही. तारा असताना तिथे नीट काम होत नाही. वार्निश लावून लक्ष ठेवलं.

पुढचे महिने

सहा आठवड्यांनी हिरड्या थोड्या लाल झाल्या होत्या, क्लोरहेक्सिडिन थांबल्याचा परिणाम. आई घाबरली, “ते औषध परत सुरू करूया का?” मी नको म्हटलं आणि पुन्हा ब्रश करून घेतला. उजवा हात वापरणाऱ्या मुलांची ब्रशची चुकण्याची जागा ठरलेली असते, उजवे सुळे. तिथेच थर होता. तीन महिन्यांनी हिरड्या नुसत्या ब्रशवर शांत झाल्या. आमटीची चव त्याआधीच परत आली होती.

मार्चअखेर परीक्षेच्या दिवसांत थर्मास परत टेबलावर आला, असं आईनं सांगितलं. मुलानं कबूल केलं. एप्रिलच्या भेटीत खालच्या उपदाढीवरचा डाग किंचित रुंद दिसला. त्या भेटीत मी काही बोलले नाही, फक्त दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवून त्याला बघू दिले. त्यानंतर थर्मास बंद झाला.

तारा लावून २० महिन्यांनी निघाल्या. नवे डाग एकही नव्हते. जुन्या सातपैकी चार दातांवरचे डाग आता कोरडं केल्यावरच अंधुक दिसत होते. डावा सुळा मी भरला. उरले वरच्या दोन्ही बाजूंच्या पटाशीवरचे, हसताना दिसणारे. त्यांच्यावर लगेच तीव्र फ्लोराइड लावायचा मोह होतो, पण तसं केलं तर वरचा पापुद्रा घट्ट होऊन आतला पांढरेपणा तसाच कोंडला जाऊ शकतो. म्हणून नेहमीची पेस्ट, लाळ आणि सहा महिने वाट. उजवीकडचा बराच निवळला. डावीकडचा राहिला, त्यावर राळेची इन्फिल्ट्रेशन केली. जर्मनीत विकसित झालेल्या या पद्धतीत हायड्रोक्लोरिक आम्लानं पापुद्रा दोन मिनिटं खुला करतात आणि छिद्रांत पातळ राळ शोषू देतात. राळेतून प्रकाश जवळजवळ एनॅमलसारखाच वाकतो, त्यामुळे डाग विरतो. अर्ध्या तासात तो दिसेनासा झाला. मुलगा आरसा परत करायला तयार होईना.

माझ्या चिठ्ठ्यांवर आता क्लोरहेक्सिडिनपुढे दिवसांऐवजी तारीख असते: अमुक तारखेला बंद. आणि स्वागतकक्षातली ताई त्या तारखेला फोन करते.

गेल्या महिन्यात आईनं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. यवतमाळच्या भाचीचे दात, ११ वर्षांची मुलगी. दोन्ही मधल्या पटाशींवर सारख्याच आडव्या धुरकट रेघा, कडेला किंचित पिवळेपणा. खाली लिहिलं होतं, “मॅडम, हे पाण्याचं ना? तुम्ही काढून दिलेल्या कागदाशी ताडून बघितलं.” मी कळवलं: फोटोवरून तसंच वाटतंय, तरी तिथल्या दंतवैद्याला एकदा दाखवा. बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही, त्यासाठी वेगळा फिल्टर लागतो. भाचीची पेस्ट बंद करू नका, वाटाण्याएवढी घेऊन थुंकायला सांगा. आणि तिला धाकटं भावंड असेल तर आधी त्याच्या पाण्याचं बघा, त्याचे दात अजून घडायचे आहेत.

उत्तर आलं, “आहे. तीन वर्षांचा. आजच फोन करते.”